पिल्लांची रक्ती हगवण आणि जंत : खाद्यात औषधी वनस्पती कितपत चालतात?

भातखाचर (अकोले तालुका) — २१ जुलै

सर्वांना नमस्कार. आमच्या महिला बचत गटाने २० जूनला सुधारित गावरान जातीची एक दिवसाची २५० पिल्ले आणली. पहिले पंधरा दिवस तयार स्टार्टर खाद्य दिले आणि त्यानंतर खर्च वाचावा म्हणून मक्याचा भरडा, सोयाबीन पेंड, तांदळाची कणी आणि खनिज मिश्रण असे खाद्य घरीच तयार करू लागलो. तेव्हा ओळखीच्या एका अनुभवी गृहस्थांनी सांगितले की खाद्यात हळद आणि वाळलेला कडुलिंबाचा पाला मिसळला तर पिल्लांना वेगळे औषध लागत नाही. त्याप्रमाणे आम्ही २५ किलो खाद्याला मूठभर हळद आणि दोन मुठी पाल्याचे चूर्ण घालत होतो.

पिल्ले सव्वीस दिवसांची झाली तेव्हा काही जण पंख पाडून, डोळे मिटून कोपऱ्यात बसू लागली आणि विष्ठेत ताजे रक्त दिसू लागले. गेल्या पाच दिवसांत ३१ पिल्ले गेली. आमच्याकडे बारा दिवस पाऊस उघडलेला नाही, त्यामुळे खालचे भाताचे तूस दमट झाले आहे आणि पाण्याच्या भांड्यांभोवती त्याचे गोळे झाले आहेत. या पिल्लांमध्ये गटातल्या अकरा जणींचे पैसे आहेत आणि त्याहून अधिक म्हणजे पहाटे उठून त्यांना ऊब देण्याचे कष्ट आहेत. आम्ही वनस्पतींचे प्रमाण कमी घातले का, की चुकीच्या वनस्पती घातल्या, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

जित्राब (सातारा) — २१ जुलै

ताई, मी पशुवैद्यक आहे. वनस्पतींविषयी सविस्तर लिहीन, पण आधी आज काय करायचे ते सांगतो, कारण या रोगात एकेक दिवस मोलाचा असतो.

वर्णनावरून ही रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस वाटते. नुकतेच मेलेले एक पिल्लू तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेऊन शवविच्छेदन करून घ्या. लहान आतडे संपते तेथे आतड्याच्या दोन बंद पिशव्या असतात, त्यांना आंधळी आतडी म्हणतात. त्या रक्ताने फुगलेल्या असतील तर आयमेरिया टेनेला या परजीवीच्या जातीचा संसर्ग आहे असे धरायला हरकत नाही. निदान झाले की डॉक्टरांच्या सल्ल्याने ॲम्प्रोलियम पाण्यातून सुरू करा. २० टक्क्यांची पावडर मिळाली तर साधारणपणे लिटरला १.२ ग्रॅम, तीन ते पाच दिवस, आणि पुढे एक-दोन आठवडे त्याच्या निम्मे, असे त्याचे प्रमाण असते. या काळात शेडमध्ये दुसरे साधे पाणी ठेवू नये. आणखी एक चूक फार जण करतात, ती म्हणजे अशक्तपणासाठी त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स घालणे. ॲम्प्रोलियम हे परजीवीला बी-१ जीवनसत्त्व मिळू देत नाही आणि त्यावरच त्याचा परिणाम अवलंबून असतो, म्हणून वरून बी-१ दिले की औषध निष्प्रभ होते. ती ताकदीची औषधे उपचार संपल्यावर द्यावीत.

औषध पाण्यातून का, हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातच आहे. आजारी पिल्लू खात नाही, पण पाणी मात्र पिते. त्यामुळे खाद्यात मिसळलेली कोणतीही वनस्पती, ती कितीही गुणकारी असली तरी, ज्या पिल्लाला तिची सर्वाधिक गरज आहे त्याच्याच पोटात पोहोचत नाही. रोग दिसू लागल्यावर खाद्यातल्या पाल्यावर विसंबून राहणे म्हणजे पिल्ले गमावणे होय, असे मला स्पष्टपणे सांगावेसे वाटते.

आणखी एक विचारतो. पहिल्या पंधरा दिवसांच्या स्टार्टर खाद्याची गोणी जपून ठेवली असेल तर तिच्यावरील लेबल वाचून येथे लिहा.

भातखाचर (अकोले तालुका) — २३ जुलै

डॉक्टर, तुमचे फार आभार. दवाखान्यात शवविच्छेदन झाले. दोन्ही आंधळी आतडी गडद रक्ताने भरलेली होती आणि तेथील डॉक्टरांनीही ॲम्प्रोलियमच दिले. काल चार आणि आज एक पिल्लू गेले, बाकीची पाण्याकडे येऊ लागली आहेत. ओले तूस खरवडून बाहेर काढले आणि कोरडे तूस पसरले. गोणीवर सॅलिनोमायसिन असे लिहिलेले आहे. त्याचा या रोगाशी संबंध आहे का?

जित्राब (सातारा) — २३ जुलै

थेट संबंध आहे. सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन, मदुरामायसिन ही कॉक्सिडिया, म्हणजे आयमेरियासारखे रक्ती हगवणीचे परजीवी, रोखणारी औषधे तयार खाद्यात ठरावीक प्रमाणात मिसळलेली असतात. तुम्ही घरच्या खाद्यावर आलात त्या दिवशी हे कवच निघून गेले आणि त्याच्या जागी मूठभर हळद आली. त्यात भर म्हणजे पिल्लांचे वय तीन ते सहा आठवड्यांचे, म्हणजे या रोगाला सर्वाधिक बळी पडण्याचे होते. कडुलिंबामुळे काही बिघडले असे मी म्हणणार नाही, तथापि कोणते संरक्षण काढले आणि कोणते घातले याचा हिशेब कोणी तुम्हाला सांगितला नाही, याचे मला वाईट वाटते.

तुसाविषयीही थोडे लिहितो. संसर्ग झालेला पक्षी विष्ठेतून या परजीवीच्या कवचबंद अवस्था, ज्यांना ऊसिस्ट म्हणतात, लाखोंच्या संख्येने बाहेर टाकतो. बाहेर पडताच त्या संसर्गक्षम नसतात. ओल, हवा आणि २५ ते ३० अंश तापमान मिळाले की एक ते दोन दिवसांत त्या पिकतात आणि मग दुसऱ्या पिल्लाच्या पोटात गेल्या की सुमारे आठवडाभरात पुन्हा नवे पीक बाहेर पडते. जुलैमधले आपल्याकडचे शेड म्हणजे त्यांच्यासाठी तयार केलेली उबवणीच असते. नेहमीच्या फिनाईलने किंवा ब्लीचिंग पावडरीने ते कवच भेदले जात नाही, मात्र कोरडेपणा आणि उष्णता त्यांना सहन होत नाही. म्हणून बॅच संपल्यावर रिकाम्या शेडची जमीन आणि कोपरे फ्लेम गनने भाजून घेतात. पिल्ले असताना रोज तूस उलथणे, भांडी जमिनीपासून पाठीच्या उंचीवर टांगणे आणि गळती त्याच दिवशी बंद करणे हे कोणत्याही वनौषधीपेक्षा अधिक उपयोगी आहे.

हळदवाफा (सांगली) — २४ जुलै

मी हळद पिकवतो आणि आठ वर्षांपासून १५० ते २०० गावरान पक्षी पाळतो. डॉक्टरांच्या ज्ञानाबद्दल पूर्ण आदर ठेवून माझा अनुभव मांडतो. मी सुरुवातीपासून घरचेच खाद्य देतो, त्यात १०० किलोला एक किलो हळद पूड आणि अर्धा किलो भरडलेला ओवा असतो आणि आजवर माझ्याकडे रक्ती हगवणीने एका वेळी दोन-तीनपेक्षा अधिक पिल्ले गेलेली नाहीत. त्यामुळे वनस्पतींचा काही उपयोगच नाही असा सूर या धाग्यात निघू नये अशी विनंती करतो. ताईंनी घातलेले प्रमाण फारच कमी होते. मूठ म्हणजे फार तर ५० ग्रॅम धरली तरी २५ किलोला ०.२ टक्के होते, म्हणजे माझ्या प्रमाणाच्या पाचवा हिस्सा.

सूक्ष्मदर्शक (नागपूर) — २५ जुलै

मी परजीवीशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. हळदवाफा यांचे प्रमाण योगायोगाने प्रयोगांतल्या प्रमाणाशी जुळणारे आहे, म्हणून त्याविषयी नेमके लिहितो.

कोंबड्यांमध्ये आयमेरियाच्या सात जाती मानल्या जातात आणि प्रत्येकीची आतड्यातली जागा ठरलेली असते. ॲसर्व्हुलिना वरच्या भागात, मॅक्झिमा आणि नेकॅट्रिक्स मधल्या भागात, टेनेला आंधळ्या आतड्यात. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील संशोधकांनी १९९०च्या दशकात या विषयावर जी कामे केली, त्यांत खाद्यातल्या १ टक्का हळदीचा फायदा मधल्या आतड्यातल्या संसर्गात दिसला, म्हणजे जखमा कमी झाल्या आणि वजनवाढ सुधारली. याउलट आर्टेमिसिया ॲन्युआ या वनस्पतीचा वाळलेला पाला ५ टक्के या प्रमाणात तीन आठवडे दिल्यावर टेनेलामुळे होणाऱ्या जखमांपासून संरक्षण मिळाले, पण ॲसर्व्हुलिना आणि मॅक्झिमा यांच्याबाबतीत तसे झाले नाही. म्हणजे 'रक्ती हगवणीवर कोणती वनस्पती' हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या जातीवर, आतड्याच्या कोणत्या भागात आणि कोणत्या वयात, हे विचारल्याशिवाय उत्तर देता येत नाही. ताईंच्या पिल्लांना टेनेला होता, त्यामुळे हळद पाचपट घातली असती तरी हे मृत्यू टळले असते असे मी म्हणणार नाही.

आर्टेमिसिया ॲन्युआ ही तीच वनस्पती, जिच्यातून मलेरियावरचे आर्टेमिसिनिन मिळाले आणि त्या शोधासाठी तू यूयू यांना २०१५ चे नोबेल मिळाले. मलेरियाचा परजीवी आणि आयमेरिया हे एकाच मोठ्या गटातले असल्यामुळे तो विचार शास्त्रीयदृष्ट्या योग्यच होता. परंतु आपल्याकडे कोणीतरी हे वाचून दवणा आणून घालील अशी मला काळजी वाटते. चैत्रात जोतिबाला वाहतात तो दवणा त्याच कुळातला असला तरी जात वेगळी आहे आणि एकीचे गुण दुसरीला चिकटवता येत नाहीत. शिवाय ५ टक्के वाळलेला पाला म्हणजे १०० किलोत पाच किलो असे द्रव्य, ज्यात पिल्लाला वाढीसाठी लागणारी प्रथिने आणि ऊर्जा फारशी नसते. तेवढी भरपाई पेंडीतून करावी लागते, नाहीतर रोग टळला तरी पिल्लू खुरटते.

ओव्याबद्दल मात्र मला आशा वाटते. त्याच्या तेलात थायमॉल हे जंतुरोधक द्रव्य भरपूर असते आणि परदेशात ओरेगॅनो या सुगंधी वनस्पतीच्या तेलावर जे काम झाले आहे त्यातही थायमॉल आणि त्याच्या जवळचे कार्व्हाक्रॉल हेच मुख्य घटक आहेत. तथापि ही द्रव्ये उडून जाणारी आहेत. ओवा भरडून महिनाभर गोणीत ठेवला तर उरतो तो चोथा. आठवड्याला पुरेल एवढाच भरडावा आणि खाद्य सावलीत, बंद डब्यात ठेवावे.

हळदवाफा (सांगली) — २५ जुलै

आपण दिलेली माहिती माझ्यासाठी नवी आहे आणि ती मी मनापासून स्वीकारतो. मग माझ्याकडची पिल्ले टिकतात ती कशामुळे, हे मला जाणून घ्यायचे आहे.

सूक्ष्मदर्शक (नागपूर) — २६ जुलै

तीन गोष्टी संभवतात आणि त्या एकत्रही असू शकतात. आपला भाग कोरडा आहे, पक्षी कमी आणि मोकळे आहेत, आणि त्यामुळे पिल्लांच्या पोटात ऊसिस्ट थोडे थोडे जात राहतात. या रोगाची प्रतिकारशक्ती अशा लहान लहान संसर्गांतूनच येते, आणि तीही त्या त्या जातीपुरतीच. कॉक्सिडिओसिसच्या जिवंत लसी याच तत्त्वावर चालतात. म्हणून शेडमधून ऊसिस्ट पूर्ण नाहीसे करणे हे आपले ध्येय नसून त्यांचा भार पिल्लाला पेलेल एवढा ठेवणे हे आहे. वनस्पतींचे खरे स्थान मला येथे दिसते. औषधाप्रमाणे परजीवीला पूर्ण थोपवण्याची शक्ती त्यांच्यात बहुधा नसते, पण भार कमी करण्यात आणि आतड्याची झीज आवरण्यात त्यांचा हातभार लागू शकतो. आपल्याकडे तो किती लागतो, हे हळद न दिलेल्या पिल्लांशी तुलना केल्याशिवाय कळणार नाही.

पळसपापडी (गोंदिया) — २८ जुलै

चर्चा कॉक्सिडियाची आहे, परंतु शीर्षकात जंतही आहेत, म्हणून लिहिते. आमच्या घरी आजी पळसाच्या बिया, म्हणजे पळसपापडी, आणि वावडिंग कुटून तांदळाच्या कण्यांत मिसळून कोंबड्यांना देत असे. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, सलग तीन सकाळी, रिकाम्या पोटी. दुसऱ्या दिवशी खुराड्याखाली बोटभर लांबीचे पांढरे जंत पडलेले मी लहानपणी स्वतः पाहिले आहेत. आता मी ८० कोंबड्या पाळते आणि हे करावेसे वाटते, पण आजी चिमटीने मोजत असे आणि ती चिमूट तिच्याबरोबर गेली. कोणाला योग्य प्रमाण ठाऊक आहे का?

जित्राब (सातारा) — २९ जुलै

ताई, तुमच्या आजींचे निरीक्षण खरे असणार. ते जंत म्हणजे ॲस्कॅरिडिया गॅली, कोंबडीतले मोठे गोल जंत. पळसबी आणि वावडिंग दोन्ही आयुर्वेदात कृमिघ्न म्हणून सांगितलेली आहेत, आणि पळसबीचा अर्क काचेच्या भांड्यात याच जंतांवर वापरून पाहण्याचे प्रयोग भारतात १९७०च्या दशकातच झाले. पण भांड्यात जंत अर्कात बुडालेला असतो, तर कोंबडीच्या आतड्यात तेच द्रव्य पाण्याने आणि अन्नाने पातळ होऊन काही तासांत पुढे सरकते. म्हणून भांड्यातल्या यशावरून खाद्यातले प्रमाण काढता येत नाही आणि मी अंदाजाने एखादा आकडा येथे लिहिणे हे तुमच्या ८० कोंबड्यांच्या जिवाशी खेळणे ठरेल. पळसबी अधिक झाली तर आतड्याचा दाह होतो. वावडिंगातील एम्बेलिनचा प्रजननक्षमतेवर वाईट परिणाम प्रयोगशाळेतल्या प्राण्यांत नोंदला गेला आहे, त्यामुळे उबवणीची अंडी घ्यायची असतील त्या कळपाला मी ते देणार नाही. शिवाय खरे वावडिंग जंगलातून कमी होत चालले आहे आणि बाजारात त्या नावाने त्याच्या भाऊबंदांची फळे सर्रास मिळतात.

जंतांच्या बाबतीत वेळापत्रक फार महत्त्वाचे असते. पोटात गेलेल्या अंड्याचा अंडी घालणारा जंत व्हायला पाच ते आठ आठवडे लागतात आणि दरम्यान कोवळ्या अळ्या आतड्याच्या अस्तरात शिरलेल्या असतात. एकदा दिलेले औषध, मग ते झाडाचे असो वा दुकानाचे, पोकळीतले मोठे जंत पाडते आणि जमीन तशीच राहिली तर पुन्हा तेच चक्र सुरू होते. पायपरझिन हे स्वस्त औषध या मोठ्या गोल जंतांवर चांगले चालते, पण चपट्या जंतांवर चालत नाही. विष्ठेत तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे हलणारे तुकडे दिसले तर ते चपटे जंत आहेत असे समजावे. ते मुंग्या, किडे आणि माश्यांमधून येतात, त्यामुळे तेथे उकिरडा शेडपासून दूर नेणे हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

एक इशारा जाता जाता देतो. 'जनावर खात नाही ते कडू, आणि कडू ते कृमिघ्न' या समजुतीने लोक घाणेरी, रुई, धोतरा यांचा पालाही घालतात. या वनस्पती विषारी आहेत. एरंडाची पेंडही तशीच. सुबाभळीचा पाला जास्त झाला तर त्यातील मायमोसिनमुळे वाढ खुंटते. कृपया यांतले काहीही खाद्यात घालू नये.

पळसपापडी (गोंदिया) — २९ जुलै

आकडा न देण्यामागचे कारण पटले. आधी विष्ठा तपासून घेते आणि मगच पुढचे ठरवते. कोंबड्या रोज संध्याकाळी दार उघडले की माझ्या पायांभोवती गोळा होतात, त्यांच्यावर अंदाजाचा प्रयोग करण्याची माझीही इच्छा नाही.

भातखाचर (अकोले तालुका) — ३० ऑगस्ट

पुढे काय झाले ते कळवणे माझे कर्तव्य आहे. एकूण ४१ पिल्ले गेली आणि २०९ वाचली. त्यांपैकी पंधरा-वीस खुरटी राहिली आहेत, बाकीच्या तलंगा चांगल्या भरल्या आहेत. गटाच्या बैठकीत दोन मते पडली. काही जणींना वनस्पतींचे नावही नको आहे, तर काहींना हळद आणि ओवा घरचाच असल्यामुळे तो योग्य प्रमाणात पाहावा असे वाटते. सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही १२० पिल्लांची दुसरी बॅच आणत आहोत. सूक्ष्मदर्शक यांनी तुलनेशिवाय कळणार नाही असे म्हटले होते, तर आमच्यासारख्यांनी ती तुलना कशी करावी?

सूक्ष्मदर्शक (नागपूर) — १ सप्टेंबर

तुमचा हा प्रश्न वाचून फार समाधान वाटले. शेड मधोमध जाळीने आणि खाली फळीने विभागा, म्हणजे तूस इकडचे तिकडे जाणार नाही. पिल्ले खोक्यातून काढताना एक उजवीकडे, एक डावीकडे अशी सोडा, निवडून सोडू नका. तूस, भांडी, जागा, खाद्य सारे सारखे ठेवा. फरक एवढाच, की एका बाजूच्या खाद्यात १०० किलोला एक किलो घरी दळलेली हळद आणि अर्धा किलो ताजा भरडलेला ओवा असेल. बाजारातली रंगवलेली हळद वापरू नका, कारण तिच्यात शिशाचा रंग असू शकतो. पहिले तीन आठवडे दोन्हीकडे तयार स्टार्टर द्यायचा की नाही हे आधीच ठरवा, आणि दिलात तर दोन्हीकडे सारखाच. त्या खाद्यात सॅलिनोमायसिन असताना वरून त्याच प्रकारचे दुसरे औषध मात्र कधीही घालू नये. त्यांच्या योग्य आणि विषारी प्रमाणातले अंतर फार कमी असते.

दर आठवड्याला प्रत्येक बाजूची वीस पिल्ले वजन करून वहीत लिहा. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्या आठवड्यात दोन्ही बाजूंच्या दहा-बारा जागांवरून ताजी विष्ठा वेगवेगळ्या डब्यांत घ्या, वर बाजू आणि तारीख लिहा आणि थंड ठेवून दुसऱ्या दिवसापर्यंत प्रयोगशाळेत पोहोचवा. तेथे एका ग्रॅममध्ये किती ऊसिस्ट आहेत ते मोजून देतात. मेलेल्या प्रत्येक पिल्लाचे आतडे डॉक्टरांना दाखवा. आतड्याच्या जखमांना शून्य ते चार गुण देण्याची जॉन्सन आणि रीड यांची १९७० ची पद्धत आजही वापरली जाते आणि ती तुमच्या डॉक्टरांना माहीत असेल. ॲम्प्रोलियम मात्र पहिल्या दिवसापासून कपाटात हवे. कोणत्याही बाजूला रक्त दिसले की प्रयोग तेथेच थांबवून दोन्हीकडे उपचार सुरू करा.

हळदवाफा (सांगली) — २ सप्टेंबर

ताई, पत्ता खाजगी संदेशातून कळवावा. दळलेली नको असेल तर न उकडलेली वाळवलेली हळकुंडे पाठवतो. मीही या वेळी माझ्या ८० पिल्लांतली ४० हळदीशिवाय वाढवणार आहे. आठ वर्षांत हे एकदाही केले नाही.

भातखाचर (अकोले तालुका) — २ सप्टेंबर

पत्ता कळवला आहे. आमच्याकडे गिरणी आहे, त्यामुळे अख्खी हळकुंडेच पाठवावीत. डाव्या बाजूची वही मी लिहीन आणि उजव्या बाजूची ज्यांना वनस्पती नकोच होत्या त्या काकू लिहिणार आहेत. वजने ऑक्टोबरपासून दर रविवारी येथे टाकत जाईन.